पालक सभेला घरातून कोण जातं?

दिवाळीच्या सुट्ट्या संपून शाळा सुरू झाल्या की पंधरा-वीस दिवसांत मला दोन निरोप येतात. पहिला अमरावतीतल्या माझ्या मुलीच्या शाळेचा. ती सहावीत आहे, शाळा सेमी-इंग्लिश आहे आणि त्या दिवसाला तिथे 'ओपन हाऊस' म्हणतात. दुसरा निरोप अकोल्याहून, माझ्या बाजीचा. तिचा धाकटा मुलगा उर्दू माध्यमात आठवीला आहे. तिथे त्याच गोष्टीला पालक सभा म्हणतात आणि बाजीचं वाक्य दरवर्षी तेच असतं, "तू ही जा के आ ना रे. मेरेकू क्या समझता उसमें का?"

गेली तीन वर्षं मी दोन्हीकडे जातो. पुण्यातल्या कंपनीचं काम घरून करत असल्यामुळे मला एखादा दिवस इकडचा तिकडे करता येतो. ही सोय माझ्या दुल्हाभाईंना नाही. ते डाळ मिलमध्ये कामाला आहेत आणि तिथे खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. बडनेऱ्याहून गाडी धरली की तास-दीड तासात अकोला येतं. दोन्ही सभा पाहून परत येताना डोक्यात जे फिरत राहतं ते या वेळी लिहून काढावं असं वाटलं, कारण हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण अजून पालक झालेले नसतील, तरी हा विषय त्यांच्या घरातलाच आहे.

अमरावतीच्या शाळेत मला वेळ ठरवून मिळते, दहा मिनिटं. वर्गातल्या बाकावर मुलीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका मांडून ठेवलेल्या असतात. मी पानं उलटतो, गणिताच्या बाईंना विचारतो की अपूर्णांकांत हिची गाडी नेमकी कुठे अडते, त्या एक गणित दाखवून सांगतात, मी सही करतो. आजूबाजूचे पालक बँकेतले, शिक्षक, दुकानदार, एखादा डॉक्टर. त्यांना प्रश्न विचारायची सवय आहे. एका वडिलांनी अर्ध्या मार्कासाठी बाईंशी पंधरा मिनिटं हुज्जत घातलेली मी पाहिली आहे, मागे सगळी रांग खोळंबलेली. तेही काही फार शोभत नव्हतं.

अकोल्यात सभा हॉलमध्ये असते. खुर्च्या ऐंशी, भरलेल्या तीस-पस्तीस, आणि त्यांवर जवळपास सगळ्या बायका. मुख्याध्यापक माइक घेतात. आधार कार्डावरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळत नाही, ते जुळवून आणा. मुलं उशिरा येतात. गणवेश नीट नसतो. मोबाइल हातात देऊ नका. कुणाची तरी आजी मध्येच उठून पंख्याखाली जाते. सह्यांचा कागद फिरतो, ज्यांना सही येत नाही त्या अंगठा देतात, चहा होतो आणि चाळीस मिनिटांत सभा संपते. एवढ्या वेळात एकाही मुलाचं नाव घेऊन कुणी काही बोललेलं नसतं. मी नंतर वर्गशिक्षकांना गाठून भाच्याचे पेपर बघायला मागितले तर सरांनी हसतमुखाने कपाट उघडून काढून दिले. म्हणाले, "मांगता कोन है, साब?"

त्या सरांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पंचावन्न मुलांचा वर्ग, वर निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती भरायचा तगादा. पण त्यांच्या त्या प्रश्नापाशी आपण थोडं थांबायला हवं, कारण पेपर दाखवणं आणि मुलाबद्दल सांगणं हे कायद्याने ठरवून दिलेलं काम आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ शिक्षकांच्या कर्तव्यांबद्दल आहे. त्यात एक कर्तव्य असं आहे की शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि त्यांना मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती आणि मुलाबद्दलची इतर आवश्यक माहिती द्यावी. गणवेश आणि मोबाइलवरचं भाषण त्यात कुठे बसत असेल तर 'इतर' मध्ये. पहिल्या तीन गोष्टी प्रत्येक मुलाच्या वेगळ्या असतात. त्या माइकवरून सांगताच येत नाहीत.

सहावी, सातवी, आठवीबद्दलच मी हे का म्हणतो? पहिली-दुसरीतल्या मुलाला आई हाताला धरून शाळेत सोडते, बाईंशी दोन शब्द होतात. दहावीला बोर्डाची भीती असते, तेव्हा बापही जागा होतो. मधली तीन वर्षं कुणाचीच नसतात. आपल्या मोहल्ल्यातला मुलगा शाळा सोडतो तेव्हा ती बहुतेक वेळा आठवीनंतर सुटलेली दिसते, पण सुटायला सुरुवात सहावीत झालेली असते. आधी सोमवारचे खाडे. मग वाचता येत नाही म्हणून मागच्या बाकावर सरकणं. मग दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गॅरेजवर 'जरा शिकायला' जाणं, आणि हातात आठवड्याचे पैसे आल्यावर घरात त्याच्याकडे बघायची नजर बदलणं. कायद्यातलं मोफत आणि सक्तीचं शिक्षणही सहा ते चौदा वयापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच. गावाकडच्या जिल्हा परिषदेच्या कितीतरी उर्दू शाळा सातवी-आठवीला संपतात. नववीसाठी तालुक्याला जायचं म्हटलं की मुलींच्या बाबतीत घरातली चर्चा दोन मिनिटांत आटोपते.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यातला मदरशांबद्दलचा आकडा आपण वादविवादात पुष्कळ वापरतो, की शाळकरी वयाच्या मुस्लिम मुलांपैकी मदरशात जाणारी मुलं चार टक्क्यांच्या आतबाहेर आहेत. तो वापरायलाच हवा, कारण गैरसमज मोठा आहे. पण त्याच अहवालातला दुसरा आकडा आपण इतक्या उत्साहाने सांगत नाही. सहा ते चौदा वयोगटातली २५ टक्के मुस्लिम मुलं एकतर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मध्येच शाळा सोडून बसली होती. चारातलं एक. तेव्हा मी स्वतः शिकत होतो, आणि माझ्याबरोबर गल्लीत गिल्ली-दांडू खेळणाऱ्यांची नावं आठवली तर मला तो आकडा अहवालात वाचायची गरज पडली नव्हती.

आता आठवीची गंमत बदलली आहे. पूर्वी आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा नियम होता. २०१९ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन राज्यांना मोकळीक मिळाली आणि डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा लावली. नापास झाला तर पुन्हा परीक्षा, त्यातही राहिला तर त्याच वर्गात. हा निर्णय चांगला की वाईट यावर शिक्षणतज्ज्ञ भांडतात, भांडू द्या. आपल्यापुरता त्याचा अर्थ असा की ज्या मुलाला सहावीत धड वाचता येत नव्हतं आणि घरी ते कुणाला कळलंच नाही, त्याला आठवीच्या शेवटी ते एकदम कळणार. चौदा वर्षांचा मुलगा, मागच्या वर्षीच्या मुलांसोबत पुन्हा त्याच बाकावर. तो बसेल असं तुम्हाला वाटतं?

हे घरी आधी कळावं म्हणून प्रगतिपत्रक असतं. पण ते वाचायचं कसं? त्यावर मार्क नसतात, श्रेणी असते. अ-१ म्हणजे ९१ ते १००, अ-२ म्हणजे ८१ ते ९०, अशी दहादहाची उतरण होत क-२ म्हणजे ४१ ते ५०, ड म्हणजे ३३ ते ४०, आणि त्याखाली ई-१ आणि ई-२. बाजीला वाटत होतं की 'क' म्हणजे कच्चा आणि 'ब' म्हणजे बरा, आणि खरं सांगायचं तर अंदाज फार चुकलेला नव्हता. पण माझ्या शेजारी बसलेल्या एका आईने 'ई-१' मधला १ पाहून मुलगा पहिला आला असं समजून आजूबाजूच्यांना सांगितलं होतं. हसू नका. कागद मराठीत, खुणा सरकारी, आणि समजावून सांगणारं कुणी नाही.

श्रेणीच्या खाली तीन रकाने असतात, 'विशेष प्रगती', 'आवड व छंद' आणि 'सुधारणा आवश्यक'. खरी माहिती तिथे असायला हवी. मी भाच्याचं, शेजारच्या मुलाचं आणि आणखी एका मुलाचं पत्रक एकत्र ठेवून पाहिलं. तिघांच्या 'सुधारणा आवश्यक' मध्ये एकच वाक्य होतं, स्वल्पविरामासकट. अशा तयार वाक्यांच्या याद्या इंटरनेटवर मिळतात आणि शिक्षक त्यातून उचलतात, हे शिक्षकांनाही माहीत आहे आणि अधिकाऱ्यांनाही. आमच्या धंद्यात सर्व्हरच्या नोंदीत सगळ्या बिघाडांना एकच संदेश येत असेल तर ती नोंद वाचण्यात अर्थ नसतो, तिथे जाऊन यंत्रच उघडावं लागतं. इथे यंत्र उघडणं म्हणजे साधं काम आहे. मुलाचं मराठीचं किंवा उर्दूचं पुस्तक काढायचं, मधलं कुठलंही पान उघडायचं आणि शिक्षकांच्या समोर त्याला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगायचं. उर्दू शाळांत मराठीसाठी बालभारतीचं 'सुलभभारती' असतं, तेही चालेल. दोन मिनिटांत सगळं समजतं. त्यानंतर शिक्षक आणि तुम्ही ज्या भाषेत बोलता ती पहिल्यांदाच त्या मुलाबद्दलची भाषा असते.

मग बाप का येत नाहीत आणि आया का बोलत नाहीत? बापांचं कारण मी वर सांगितलं. बुधवारी दुपारी बारा वाजता सभा ठेवली तर ऑटोवाला, हमाल, वेल्डर, फळांच्या गाडीवाला येणार नाही. त्याला मुलाची काळजी नाही असा निष्कर्ष काढायला मात्र सगळे तयार असतात. अमरावतीच्या शाळेत तर एकदा शुक्रवारी दीडची वेळ ठेवली होती. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, ती जुम्म्याची वेळ आहे हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं. आम्ही दोघातिघांनी जाऊन सांगितलं आणि एका मिनिटात वेळ बदलली. सांगेपर्यंत मात्र बदलली नसती. दिल्लीच्या सरकारी शाळांनी ३० जुलै २०१६ ला, शनिवारी, सगळीकडे एकाच दिवशी मोठी पालक-शिक्षक सभा घेतली आणि त्याची आधीपासून जाहिरात केली, तेव्हा ती बातमी झाली. आपल्याकडे जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गावर ७५ किलोमीटर डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव लागलं. त्याच रस्त्याच्या दोन टोकांना सभा बुधवारऐवजी रविवारी सकाळी घ्यायला काही डांबर लागत नाही.

आयांचं कारण जास्त अवघड आहे. उर्दू शाळेत भाषा घरची असते, पण प्रश्न विचारायची रीत नसते. मराठी शाळेत रीत असते, पण बुरख्यातली बाई दारात दिसली की तिच्याबद्दल आधीच काही ठरलेलं असतं. मी एका बाईंना मुलीकडे वळून विचारताना ऐकलं आहे, "तुझ्या मम्मीला मराठी कळते का?" मुलगी काही बोलायच्या आत आईच म्हणाली, "बाई, मी दर्यापूरची हाओ, मले समदं समजते." बाई ओशाळल्या, दोघी हसल्या आणि पुढे दहा मिनिटं छान बोलणं झालं. ती आई बोलली म्हणून. तिच्यासारख्या चौघी मागे गप्प बसल्या होत्या, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा अर्थ "घरी कोणी पाह्यत नाही वाटते" असा लावला गेला असणार. वऱ्हाडातल्या मुसलमानाला मराठी येते हे सांगायला लागावं ही खरं तर चमत्कारिक गोष्ट आहे. पण लागतं, तर सांगू या. तोंड उघडलं की ते आपोआप सांगून होतं.

यात आणखी एक गोष्ट आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्यात जे झालं ते आपण सगळ्यांनी अंगावर घेतलं आहे. संचारबंदी, बंद पडलेलं इंटरनेट, आणि नंतर कितीतरी महिने एकमेकांच्या वस्तीत जाताना पाय अडखळणं. वस्त्या वेगळ्या, बाजारातली दुकानं हळूहळू वेगळी, डॉक्टरसुद्धा वेगळे होत चाललेत. मिश्र शाळेतली पालक सभा ही अशी जागा उरली आहे जिथे दोन्हीकडचे बाप एकाच लहान बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसतात आणि दोघांची काळजी एकच असते, की पोरगं गणितात का मागे पडतंय. त्या बाकावरची आपली जागा आपणच रिकामी ठेवली तर त्या जागेबद्दल कुणाशी भांडायचं?

आता थोडं आपल्याच संस्थांबद्दल, आणि हे काहींना आवडणार नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. जिल्हा परिषद आणि महापालिकेच्या उर्दू शाळांना हे लागू आहे. म्हणजे कागदावर तरी आपल्या आया त्या समितीत बसलेल्या आहेत. खासगी अल्पसंख्याक संस्थांचं वेगळं आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांच्याकडची समिती फक्त सल्ला देणारी झाली, आणि ६ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने प्रमाती प्रकरणात हा कायदाच अल्पसंख्याक शाळांना, अनुदानित असोत की विनाअनुदानित, लागू होत नाही असा निकाल दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका अल्पसंख्याक संस्थेच्या प्रकरणात दोन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यासाठी सरन्यायाधीशांपुढे ठेवला आहे. काय व्हायचं ते होईल. माझं म्हणणं त्याच्या अलीकडचं आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने शाळा काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क अल्पसंख्याक समाजाला दिला. विश्वस्त मंडळ त्या समाजाच्या नावाने बसलेलं आहे, आणि वर्गातल्या मुलाची आईही त्याच समाजातली आहे. कायदा लागू नाही म्हणून सभा घ्यायची नाही, पेपर दाखवायचे नाहीत, प्रश्न विचारला की "हमारा इदारा है" म्हणायचं, हे त्या हक्काचं चांगलं रूप नाही. चांगल्या चालणाऱ्या संस्था वऱ्हाडात आहेत आणि त्या हे सगळं कुणी न सांगता करतात. बाकीच्यांना विचारायला आपल्याला कुठल्याही न्यायालयाची परवानगी लागत नाही.

तर सभेला गेलं की सगळं ठीक होतं का? नाही होत. उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात २८० गावांत एक मोठा अभ्यास झाला होता. अभिजित बॅनर्जी, रुक्मिणी बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. गावात शिक्षण समिती असते हे बहुतेक पालकांना ठाऊकच नव्हतं. मग काही गावांत सभा घेऊन पालकांना त्यांच्या हक्कांची माहिती दिली, काही गावांत मुलांचं वाचन तपासून त्यांना दाखवायला शिकवलं. शाळेत काही फरक पडला नाही. जिथे गावातल्याच तरुणांना थोडं प्रशिक्षण देऊन शाळेबाहेर वाचनवर्ग घ्यायला लावले, तिथे त्या वर्गांना आलेल्या मुलांचं वाचन सुधारलं. आई-बापांनी शाळा बदलवली नाही, पण गल्लीतल्या शिकलेल्या मुलामुलींनी लहानांना वाचायला शिकवलं.

हे मी तुमच्यासाठी लिहितो आहे, कारण त्या अभ्यासातले 'गावातले तरुण' म्हणजे तुम्ही. तुम्ही बी.एस्सी.ला असाल, डी.फार्म करत असाल, आयटीआयला असाल, स्पर्धा परीक्षेची तयारी करत असाल. घरात तुम्ही पहिले आहात ज्यांना सरकारी मराठी वाचता येतं. धाकट्या भावाच्या, भाचीच्या, शेजारच्या खालाच्या मुलाच्या सभेला अम्मीबरोबर जा. अम्मीच्या ऐवजी नको, बरोबर. बोलायचं तिला द्या, कागद तुम्ही वाचा. शिक्षकाला एकदा कळलं की या मुलामागे कागद वाचणारं माणूस आहे, की पुढच्या वेळी 'सुधारणा आवश्यक' मध्ये वेगळं वाक्य येतं. मी हे भाच्याच्या बाबतीत पाहिलं. आमच्या सरांनी या वर्षी लिहिलं, "जोडाक्षरे वाचताना अडखळतो, शाब्दिक उदाहरणे समजत नाहीत." किती उपयोगी वाक्य आहे ते.

तिथे गेल्यावर आणखी दोन-तीन गोष्टी बघून घ्या, ज्या मुलांकडून कळत नाहीत. हजेरी विचारा, कामाचे दिवस किती आणि हजर किती. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचं नाव आणि जन्मतारीख कशी लिहिली आहे ते डोळ्यांनी पहा, कारण शाळा सोडल्यावर त्यात एक अक्षर बदलायचं म्हणजे शिक्षणाधिकारी कार्यालयाच्या खेपा. जातीच्या रकान्यात आपल्याकडे सर्रास 'मुसलमान' एवढंच लिहितात. मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा ओबीसीत असलेल्या बिरादरींच्या मुलांना पुढे जातीचा दाखला काढताना घराण्याचा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, आणि तो बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेतल्या नोंदीत सापडतो. आजोबांची नोंद आता आपल्या हातात नाही, नातवाची आहे.

आणि आठवीत कुणी असेल तर एनएमएमएस विचारा. केंद्राची प्री-मॅट्रिक अल्पसंख्याक शिष्यवृत्ती पहिली ते आठवीसाठी बंद झाल्याचं नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं, तेव्हा ती नववी-दहावीपुरती उरली. आमच्या हॉलमध्ये अजून अर्ध्या आया तिचीच वाट बघत होत्या. एनएमएमएस मात्र चालू आहे. सरकारी, महापालिका-जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळांतल्या आठवीच्या मुलांसाठी परीक्षा असते, सातवीत ५५ टक्के हवेत, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत हवं, आणि निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. उर्दूतूनही देता येते. अर्ज शाळेच्या लॉगिनमधून भरला जातो, घरी बसून भरता येत नाही. म्हणजे शाळेने भरला तर भरला. चार वर्षांचे ४८,००० रुपये एवढ्यावर अवलंबून असतात की कुणीतरी हेडमास्तर साहेबांना वेळेत विचारलं की नाही.

अकोल्यात या वर्षी आम्ही एक सोपं केलं. भाच्याच्या गल्लीतली चार मुलं-मुली, सगळी कॉलेजातली, सभेच्या आदल्या संध्याकाळी घरोघर गेली, प्रगतिपत्रकं बघितली आणि आयांना सांगितलं की उद्या आम्ही पण येतो. हॉलमध्ये नेहमीच्या तीस-पस्तीसऐवजी साठेक जण झाले, त्यांत सात बाप. रविवारी सभा घ्या असं लेखी दिलं, खाली सह्या आणि अंगठे. मुख्याध्यापकांनी कागद घेतला, वाचला आणि जानेवारीची सभा रविवारी ठेवू म्हणाले. त्यानंतरच्या रविवारपासून मशिदीच्या वरच्या खोलीत दहा ते बारा वाचनाचा वर्ग चालू आहे. आठवीची अकरा मुलं येतात. त्यांतल्या चौघांना उर्दू आणि मराठी दोन्हींतला परिच्छेद न अडखळता वाचता येत नाही, म्हणून सध्या विज्ञान-गणित बाजूला ठेवून फक्त वाचन घेतोय. तिघांचे एनएमएमएसचे अर्ज गेले.

अकरांत मुली चार आहेत. त्यांची शाळा आठवीला संपते, नववीची शाळा लांब आहे आणि ऑटोचं महिन्याचं भाडं दोन घरांना झेपणारं नाही. एका बापाचं म्हणणं आहे की चौघी एकत्र जाणार असतील तर तो पाठवेल, एकटीला नाही. म्हणजे चौघींचा निर्णय एकाच वेळी व्हायला हवा, आणि तो एप्रिलमध्ये निकाल लागल्यावर करायला बसलो तर उशीर झालेला असेल. जानेवारीच्या रविवारच्या सभेला त्या चारही घरांतल्या बापांना आणायचं ठरलं आहे. मी आदल्या रात्रीच्या गाडीने जाणार आहे.